पिल्लं वाढवता येत नसतील, तर मासे पाळू नका

घरातल्या टाकीत मासे ठेवणाऱ्यांवर प्राणिप्रेमी मंडळींचा राग जुनाच आहे. अलीकडे त्या रागाचा रोख थोडा बदललेला दिसतो. ‘ठेवलेत ते ठेवलेत, निदान त्यांची पैदास तरी करू नका,’ असं आता सांगितलं जातं. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत आपल्याकडे एक चांगलं सूत्र रुजलं आहे: दत्तक घ्या, विकत घेऊ नका, पैदास तर नकोच. तेच सूत्र जसंच्या तसं माशांना लावलं जातं. हे सांगणारी माणसं तळमळीची आहेत आणि मुक्या जिवांसाठी स्वतःचा वेळ-पैसा खर्च करणारी आहेत. म्हणूनच त्यांना उडवून न लावता नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं त्यांच्या अगदी उलट आहे. मासे पाळण्याच्या छंदात समर्थन करण्याजोगं जे काही आहे, त्यात पहिला मान पैदाशीचा आणि पिल्लं वाढवण्याचा आहे. तेवढंच वगळून उरलेला छंद हा निव्वळ उपभोग आहे.

त्यांचे आक्षेप मुख्यतः चार. एक, काचेच्या चार भिंतींत जीव जन्माला घालणं हीच क्रूरता. दोन, शेकडो अंड्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं जगतात, तेव्हा ही पैदास म्हणजे मृत्यूचा कारखाना. तीन, पैदाशीमुळे जाती वाचतात हा दावा पोकळ आहे. चार, जास्तीची पिल्लं शेवटी नाल्यात, विहिरीत, तलावात जातात आणि तिथल्या माशांच्या मुळावर येतात. यातला चौथा आक्षेप बराचसा खरा आहे आणि त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण आधी ज्या सूत्रावर हे सगळं उभं आहे, ते तपासू.

कुत्र्यांना ते सूत्र लागू पडतं, कारण रस्त्यावर बेघर कुत्री असतात. एक कुत्रं घरी आणलं की एक जीव रस्त्यावरून आत येतो आणि दहा-बारा वर्षं राहतो. छोट्या माशांची गोष्ट वेगळी आहे. झेब्रा, बार्ब, टेट्रा, गुरामी यांच्यातल्या छोट्या जातींचं आयुष्य साधारण दोन ते पाच वर्षांचं असतं. म्हणजे उत्तम सांभाळ करणाऱ्या माणसाची टाकीसुद्धा काही वर्षांत रिकामी होणार. ती पुन्हा भरायची तर मासे येणार कुठून? ‘पैदास करू नका’ म्हणणारे या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. उत्तर मात्र बाजार देतो, आणि ते फारसं सुखावह नाही.

दुकानातला मासा दोनच ठिकाणांहून येतो, माशांच्या शेतातून किंवा नदीतून. गप्पी, मॉली, एंजल, फायटर, गोल्डफिश हे बहुतेक शेतातले. चेन्नईतलं कोळत्तूर आणि कोलकाता-हावडा परिसर ही त्याची आपल्याकडची मोठी केंद्रं, तिथे हजारो कुटुंबांचं पोट या पैदाशीवर चालतं. पण आपल्या देशी माशांपैकी पुष्कळ जाती आजही नदीतूनच धरल्या जातात. राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक आकडा आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून अस्तित्व धोक्यात असलेल्या ३० जातींचे सुमारे १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले. त्यात मोठा वाटा तिघांचा होता: केरळच्या नद्यांतला लाल पट्ट्याचा ‘मिस केरळ’, केरळ-कर्नाटकातला वाटाण्याएवढा पफर आणि पट्टेरी बोटिया. हा बोटिया तर आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओढ्यांतला. हे १५ लाख मासे कोणा शौकीनाने पैदा केले म्हणून गेले नाहीत. मागणी होती, घरची पैदास नव्हती, आणि नदी फुकट होती, म्हणून गेले.

नदीतून मासा घरापर्यंत कसा येतो, तेही पाहावं. जाळ्यात धरायचा, खड्ड्यात किंवा हौदात साठवायचा, पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून आधी उपाशी ठेवायचा, मग प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे. प्रत्येक टप्प्यावर पाणी बदलतं, तापमान बदलतं, आणि प्रत्येक टप्प्यावर काही मासे मरतात. त्याऐवजी शेजारच्या गल्लीतल्या एखाद्याने वाढवलेला मासा त्याच नळाच्या पाण्यात जन्मलेला असतो आणि दहा मिनिटांत एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातो. क्रूरतेचा हिशोब मांडायचाच असेल तर तो पूर्ण मांडा. पहिल्या वाटेवरचा त्रास दिसत नाही म्हणून तो शून्य धरायचा आणि दुसऱ्या वाटेवरचा डोळ्यांसमोर आहे म्हणून त्याला गुन्हा म्हणायचं, हा न्याय नव्हे.

आता पहिला आक्षेप. बंदिवासात जन्म देणं क्रूर आहे का? मासे वेदना जाणतात की नाही या वादात मी प्राणिप्रेमींच्याच बाजूचा आहे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यावर वेदना टिपणारे मज्जातंतूंचे ग्राहक असल्याचं दाखवून दिलं. त्यानंतर ‘माशाला काय कळतं’ म्हणून हात झटकायची सोय उरलेली नाही. पण मासा जाणता आहे हे मान्य केलं, की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. टाकीतल्या माशाचं बरं चाललं आहे की नाही, हे आपल्याला कळणार कसं? तो बोलत नाही, कण्हत नाही. रंग आणि भूक यांवरून थोडं कळतं, पण दोन्ही फसवतात. सुमार पाण्यातही मासा कित्येक महिने खातो, पोहतो आणि मग एक दिवस उलटा तरंगतो.

खात्रीलायक खूण एकच आहे. मासा अंडी घालतो का, ती फळतात का, पिल्लं सरळ कण्याची आणि भरल्या अंगाची निघतात का? नुसती अंडी घातली म्हणून भागत नाही. पुष्कळ जाती हलाखीतही अंडी टाकतात. पण पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी देण्याइतकं वाढलं, तर ते पाणी, ते अन्न आणि तो सांभाळ त्या जातीला मानवला असं छातीठोकपणे म्हणता येतं. म्हणून मी पैदाशीला छंदाची चैन समजत नाही, तिला पाळण्याची कसोटी समजतो. जो मासा आपण ठेवतो त्याची एक तरी पिढी हातून वाढली पाहिजे. ते जमत नसेल तर आपण मासा पाळत नाही, फक्त त्याला मरायला वेळ लावतो आहोत.

ही कसोटी किती बारीक आहे, ते झेब्रा माशाच्या उदाहरणावरून पाहू. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळणारा, अंगावर निळ्या-सोनेरी रेघा असलेला हा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. झेब्रा अंडी घालतो ती पहाटे, उजेड पडता पडता. नर मादीच्या पोटाशी डोकं लावून तिला पाणवनस्पतींकडे ढकलत नेतो आणि ती अंडी विखरून टाकते. एक मिलिमीटरपेक्षाही लहान, काचेसारखी पारदर्शक अंडी. ती चिकटत नाहीत, थेट तळाशी जातात, आणि घातल्या घातल्या आईबापच ती वेचून खायला लागतात. म्हणून जुने शौकीन तळाशी काचेच्या गोट्यांचा थर देत आले. अंडं फटीत पडतं, तोंड पोचत नाही. साधारण २८ अंश तापमानाला दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेलं पिल्लू म्हणजे दोन डोळे लावलेला काचेचा धागा. ते आधी पोहत नाही, काचेला नाहीतर पानाला चिकटून राहतं आणि पोटाखालच्या बलकावर जगतं. मग पृष्ठभागावर येऊन हवेचा पहिला घोट घेतं, त्याने वाताशय फुगतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते आडवं पोहू लागतं. खरी परीक्षा इथून सुरू होते.

दुसरा आक्षेप, पिल्लांच्या मृत्यूचा, इथेच येतो. पिल्लं मरतात हे खरं. पण मरतात कशाने? नवशिक्याच्या टाकीत बहुतेक पिल्लं उपाशी मरतात, आणि तीही अन्नाने भरलेल्या टाकीत. झेब्र्याच्या पिल्लाचं तोंड सुईच्या टोकाएवढं असतं. त्याच्यापुढे मोठ्या माशांचं खाद्य चुरून टाकणं म्हणजे तान्ह्या बाळापुढे ज्वारीची भाकरी ठेवणं. चुरा तळाशी कुजतो, त्यातून अमोनिया होतो, आणि भुकेने न मेलेलं पिल्लू विषाने मरतं. दुकानदार मग सांगतो, ‘अंडी देणारे मासे घरी होत नाहीत, साहेब. न्या अजून सहा.’ हे वाक्य धंद्याच्या सोयीचं आहे, खरं नाही.

खरं एवढंच आहे की अन्न पिल्लाच्या आधी तयार पाहिजे. वाळलेलं केळीचं पान किंवा कोबीचं पान जुन्या टाकीच्या पाण्यात घालून बरणी उन्हाच्या तिरिपेत ठेवली, की काही दिवसांत पाणी आधी गढूळ होतं आणि मग निवळतं. निवळलेल्या पाण्यात उजेडासमोर बरणी धरली तर धुळीसारखे कण स्वतःहून हलताना दिसतात. हे सूक्ष्मजीव म्हणजे पिल्लांचं पहिल्या आठवड्याचं अन्न. त्यानंतर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव; त्याची सुकी अंडी मिळतात. मिठाच्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून ठेवली, की एक-दीड दिवसात ही अंडी फुटतात आणि अर्ध्या मिलिमीटरचे केशरी जीव बाहेर येतात. बरणीच्या एका बाजूला दिवा धरला की ते उजेडाकडे गोळा होतात, टरफलं वर तरंगतात, आणि नळीने फक्त जिवंत जीव खेचून घेता येतात. टरफलं पिल्लाच्या पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं, म्हणून हा सगळा खटाटोप. ताजे आर्टेमिया टाकल्यावर पाच मिनिटांनी टाकीला डोळे लावा. जे पिल्लू खाऊ शकलं त्याचं पोट केशरी दिसतं, पारदर्शक अंगातून स्पष्ट. ज्याचं पोट रिकामं आहे तेही दिसतं. कोणाला काय हवं आहे हे इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा पाळीव प्राणी मला माहीत नाही.

याच्या जोडीला हवेवर चालणारा स्पंजचा फिल्टर, जो पिल्लांना ओढून घेत नाही. रोज थोडंसं पाणी बदलणं, तेही क्लोरीन उडून गेलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं. जावा मॉसचा एक झुपका, ज्याच्या धाग्यांवर सूक्ष्मजीव वाढतात आणि पिल्लं दिवसभर टिपत राहतात. वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा पंप. या चार गोष्टी सांभाळणाऱ्याच्या टाकीत पिल्लं मोठ्या संख्येने जगतात. ओढ्यात एक मादी आयुष्यभरात हजारो अंडी घालते, आणि ओढ्यातली संख्या स्थिर राहायची तर एका जोडीमागे सरासरी दोनच पिल्लं मोठी होतात. बाकीची खाल्ली जातात, वाहून जातात, सुकून जातात. तेव्हा ‘पिल्लं मरतात’ हा दोष पैदाशीवर नाही, निष्काळजी पैदाशीवर आहे. तो दूर करायचा उपाय शिकणं हा आहे, सोडून देणं नव्हे.

इथे एक गोष्ट मात्र आमच्या शौकीन मंडळींनाही ठणकावून सांगायला हवी. प्रत्येक अंडं वाचवणं म्हणजे पुण्य नाही. तीनशे पिल्लांना जागा नसताना तीनशे अंडी वेगळी काढणं ही हावच. जेवढ्यांना टाकी, पाणी आणि पुढचं घर देता येईल तेवढीच अंडी काढावीत आणि बाकीची आईबापांकडे राहू द्यावीत. ती खाल्ली जातील. त्या जातीच्या नियमाने तेच व्हायचं असतं. आधी सगळी पिल्लं वाढवून मग गर्दीत कुजवणं यात कसली माया?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पैदाशीने संवर्धन होतं हे थोतांड आहे, असं म्हटलं जातं. मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीची हकीकत या आक्षेपाला उत्तर देते. त्या छोट्याशा नदीत शेपटीवर केशरी पट्टा असलेला एक मासा राहत असे, शास्त्रीय नाव झुगोनेटिकस टकीला. प्रदूषणाने आणि बाहेरून आणलेल्या माशांमुळे तो तिथून नाहीसा झाला. १९९८मध्ये आयव्हन डिबल या इंग्रज शौकीनाने चेस्टर प्राणिसंग्रहालयातून पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठात पोचवल्या. तिथे त्यांची पिढ्यान् पिढ्या पैदास झाली. २०१२मध्ये ४० नर आणि ४० माद्या विद्यापीठाच्या मोठ्या तळ्यांत सोडल्या, म्हणजे त्यांना शत्रू, परजीवी आणि बदलतं अन्न यांची सवय व्हावी. चार वर्षांत तिथे अंदाजे १०,००० मासे झाले. मग त्यातले सुमारे १,५०० मासे मूळ नदीत परत गेले, तिथे टिकले आणि वाढू लागले. स्थानिक लोकांना आणि शाळकरी मुलांना नदीवर लक्ष ठेवायला सोबत घेतलं होतं. शौकीन आणि प्राणिसंग्रहालयं यांच्या टाक्यांत हा मासा जिवंत राहिला नसता, तर परत सोडायला काहीच शिल्लक नव्हतं.

चीनमधला व्हाइट क्लाउड मिनो हा दुसरा दाखला. ग्वांगझोजवळच्या बाययुन डोंगरातल्या ओढ्यांतून १९३२मध्ये वर्णन झालेला हा बोटाएवढा मासा १९८०नंतर तिथे दिसेनासा झाला. बऱ्याच काळाने ग्वांगडोंग आणि हैनानमध्ये त्याचे थोडे थवे पुन्हा सापडले. मधल्या सगळ्या वर्षांत जगभरच्या घराघरांत तो सुखाने अंडी घालत होता. थंड पाणी मानवणारा असल्याने नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात तर तो हीटरशिवाय अंडी देतो.

या दाखल्यांवरून ‘आता नदी मेली तरी चालेल’ असा अर्थ कोणी काढू नये. टाकी ही नदीला पर्याय नाही. २०२०मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडाजवळून एका छोट्या माशाची नवी जात नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. राज्य सरकारने २०२१मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेच योग्य होतं. अशा माशाला कोणी ‘वाचवण्यासाठी’ उचलून घरी नेलं तर ती चोरीच. पाच जोड्यांपासून वाढलेल्या वंशात भावंडांची वीण अटळ असते, आणि टाकीत पिढ्या काढलेला मासा हळूहळू टाकीचाच होत जातो. हे सगळं मान्य करून मी म्हणतो: घरची पैदास ही शेवटची ठेव आहे. ठेव आहे म्हणून कोणी घर जाळत नाही, आणि घर आहे म्हणून ठेव मोडतही नाही.

याहून अवघड प्रतिवाद ब्राझीलमधून येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. अॅमेझॉनच्या रिओ नेग्रो खोऱ्यात बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली कुटुंबं कार्डिनल टेट्रा हा लाल-निळा चिमुकला मासा जंगलातल्या पुराच्या पाण्यातून धरतात आणि जगभर विकतात. १९८९पासून चालणाऱ्या ‘प्रोजेक्ट पियाबा’चं म्हणणं असं की हा मासा विकून पोट भरतं म्हणून ती माणसं जंगल राखतात. शेतात पैदा केलेल्या कार्डिनलने हा बाजार मारला तर ती खाणीकडे आणि जंगलतोडीकडे वळतील. हा मुद्दा मला पटतो. पूर ओसरला की तिथले बहुतेक कार्डिनल तसेही मरतात आणि पुढच्या पुरात पुन्हा वाढतात, म्हणून धरपकड त्यांना सोसते. पण हा न्याय बोटियाला लावता येत नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याच्या दगडांमध्ये राहणाऱ्या, आधीच धोक्यात असलेल्या माशाला तशी भरपाई नाही. म्हणून नियम सरसकट नसावा, जातीजातीला वेगळा असावा. बार्सेलोसच्या उदाहरणाचा आडोसा घेऊन पश्चिम घाट रिकामा करायचा परवाना कोणी मागू नये.

यातून माझा नियम आणखी कडक होतो. बोटिया घरच्या टाकीत सहसा अंडी देत नाही. मग तो घरच्या टाकीत नको, जोवर तो शेतात पैदा झालेला आहे याची खात्री नाही तोवर तर मुळीच नको. वाटाण्याएवढा पफर मात्र मॉसच्या झुपक्यात अंडी देतो, पिल्लं सूक्ष्मजीव आणि आर्टेमियावर वाढतात. तरीही दुकानातले बहुतेक पफर नदीतलेच असतात. जो मासा घरी वाढू शकतो तोही आपण नदीतूनच उपसत असू, तर लाज आपल्याला वाटायला हवी. आणि वन्यजीव कायद्याने जी जात संरक्षित केली आहे तिला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, पैदाशीच्या उदात्त हेतूनेसुद्धा नाही.

आता चौथा आक्षेप, जो मी बराचसा मान्य केला आहे. गप्पीची मादी एकदा नराच्या सहवासात आली की त्याचं बीज साठवून ठेवते आणि नर नसतानाही पुन्हापुन्हा विते. चार गप्पी आणणाऱ्याच्या घरी काही महिन्यांत त्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. मग कोणीतरी बादली उचलतो आणि ‘निसर्गात सोडून’ येतो. त्यात वाईट हेतू नसतो. डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकांची आरोग्य खातीही गप्पी सोडतात, गंबुसिया हा दुसरा परदेशी मासा तर १९२८पासून याच कामासाठी देशात आहे. मग घरच्या माणसाला त्यात गैर वाटावं तरी का? पण हे मासे अळ्यांवर थांबत नाहीत. देशी माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्लंही खातात. टाकीतली काच चाटायला आणलेला सकर मासा वीतभर झाला म्हणून तलावात सोडला गेला, आणि आज तो उजनी धरणात मच्छीमारांची जाळी फाडतो. याला क्षमा नाही. टाकीतला मासा कोणत्याही वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात सोडायचा नाही, मग तो देशी असो वा परदेशी. देशी मासाही दुसऱ्या खोऱ्यातला असू शकतो आणि टाकीतले रोग घेऊन जातो.

पण हा गुन्हा पैदास शिकलेल्याच्या हातून घडतो की न शिकलेल्याच्या? गप्पीला आवर घालायचा तर नर-मादी वेगळे ठेवावेत किंवा नुसते नर पाळावेत, हे शिकलेल्याला ठाऊक असतं. अंडी देणाऱ्या माशांत तर आवर घालणं आणखी सोपं, अंडी उचलायचीच नाहीत. अनावर वाढ ही अपघाताने झालेल्या पैदाशीची असते. ठरवून केलेल्या पैदाशीत किती पिल्लं, कोणासाठी आणि केव्हा, हे आधी ठरलेलं असतं.

डासांचं म्हणाल तर आपल्याकडचा पिकू अळ्या खायला गप्पीपेक्षा तसूभरही कमी नाही. कपाळावर रुपेरी ठिपका असलेला हा मासा पृष्ठभागालगत, पानाच्या सावलीत स्थिर उभा असतो आणि अळी वर आली की झडप घालतो. त्याची मादी रोज थोडी थोडी अंडी पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटवते. ती अंडी बोटाने अलगद सोडवता येतात, इतकं त्यांचं कवच टणक. ती फुटायला साधारण दोन आठवडे लागतात. अखेरच्या दिवसांत अंड्याच्या आत चंदेरी कडा असलेले दोन डोळे स्पष्ट दिसतात आणि आतला जीव मधूनच गिरकी घेतो. पिल्लू निघतं तेच आर्टेमिया खाण्याइतकं मोठं. फक्त रोज निघणारी पिल्लं आकाराने वेगवेगळी असतात आणि मोठं पिल्लू लहानाला गिळतं, म्हणून आठवड्याला वर्गवारी करावी लागते. गच्चीवरच्या पाण्याच्या टबात हा मासा डासांचा प्रश्न सोडवतो आणि टबातच राहतो. ज्या शहरात पिकू वाढवणारे लोक असतील, त्या शहराच्या आरोग्य खात्यालाही त्याच खोऱ्यातल्या देशी माशांची सोय करता येईल. पैदास बंद केली तर गप्पीशिवाय पर्यायच उरत नाही.

पैदाशीच्या नावाखाली होणाऱ्या विकृतींना मात्र माझा काडीचाही पाठिंबा नाही. पारदर्शक अंगाच्या काचमाशाला सुईने रंग टोचणं, मॉलीचा कणा वाकडा करून तिला फुग्यासारखी ‘बलून’ बनवणं, तोंड नीट मिटता येत नाही असा संकर विकणं, हे सगळं बंद व्हावं म्हणून प्राणिप्रेमी जेव्हा उभे राहतील तेव्हा मी त्यांच्या शेजारी असेन. पण हा विकृत माल कोण विकत घेतं? ज्याने एकदाही निरोगी पिल्लाचा सरळ कणा वाढताना पाहिलेला नाही, तोच.

घरी मासे वाढवणं हा पोरखेळ आहे असं म्हणणाऱ्यांनी ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगरचं काम पाहावं. मुळात मासे पाळण्याचा छंद असलेल्या या शास्त्रज्ञाने झेब्रा माशाला प्रयोगशाळेत आणलं, आणि १९८१मध्ये त्याचा गाजलेला शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा ‘एबी’ हा वंश त्याने ओरेगॉनमधल्या दुकानातून आणलेल्या माशांपासून सुरू केला होता. पुढे २०१३मध्ये या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्यात जोडीदार सापडले. आज मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था इथेही या माशावर काम चालतं. आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय एकेकाळी सांभाळणारे बी. एफ. छापगर यांनीच साने या सहकाऱ्यासोबत १९९२मध्ये गोव्यातल्या एका नव्या बार्बचं वर्णन केलं, तो आज पेथिया सेतनाय म्हणून ओळखला जातो. मासा ओळखणं आणि मासा सांभाळणं ही दोन कामं आपल्याकडे एकाच माणसाच्या हातून झालेली आहेत.

म्हणून प्राणिप्रेमी मित्रांना माझी विनंती आहे की बंदीची मागणी बदला. दुकानात प्रत्येक टाकीवर मासा नदीतला की पैदा केलेला, हे लिहिलंच पाहिजे अशी मागणी करा. मी त्यावर सही करीन. रंग टोचलेल्या आणि कणा मोडलेल्या माशांच्या विक्रीवर बंदी मागा. टाकीतले मासे पाण्यात सोडणाऱ्याला दंड मागा. आणि आम्हा शौकीनांवर एक अट घाला, जी मी आनंदाने स्वीकारतो: दहा जातींची खिचडी भरलेली टाकी नको, एकच जात निवडा, तिचं मूळ खोरं आणि आणल्याचं वर्ष वहीत लिहा, तिची पिल्लं वाढवा, दुसऱ्या पैदासकाराशी मासे बदला म्हणजे रक्त ताजं राहील, आणि जास्तीचं पिल्लू त्यालाच द्या जो त्याची पुढची पिढी वाढवील. ज्याला ही अट जड वाटते त्याने मासे पाळू नयेत. ज्याला ती झेपते, त्याच्या टाकीमुळे नदीतला एकही मासा कमी होत नाही.